तीन गावांचे एक शहर : टेमिस्कॅमिंग शोर्समधले पाच दिवस

पहिला दिवस, २ ऑक्टोबर

माझे वडील, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, मिरजेच्या नगरपालिकेत पाणीपुरवठा खात्यात नोकरीला लागले आणि सांगली, मिरज व कुपवाड महानगरपालिकेतून निवृत्त झाले. मधल्या काळात त्यांनी खाते बदलले नव्हते की टेबल बदलले नव्हते. १९९८ साली तीन गावांची मिळून एक महानगरपालिका झाली, एवढेच घडले होते. या वर्षी ते माझ्याकडे टोरंटोला आले असताना मी त्यांना बोलता बोलता सांगितले की, उत्तर ऑन्टारियोत दोन गावे आणि एक शेतीप्रधान टाउनशिप एकत्र करून १ जानेवारी २००४ रोजी असेच एक शहर स्थापन झाले आहे. त्यांनी नायगाराचा बेत बाजूला ठेवला आणि म्हणाले, "आधी ते दाखव. धबधबा कुठे जात नाही."

त्या शहराचे नाव टेमिस्कॅमिंग शोर्स. न्यू लिस्कर्ड, हेलीबरी आणि डायमंड टाउनशिप हे त्याचे तीन घटक. यातला डायमंड म्हणजे हिरा नव्हे, हे इंग्रजीत वेगळ्या अक्षरांनी लिहिले जाणारे विशेषनाम आहे. टोरंटोहून अंतर सुमारे ५०० किलोमीटर. पहाटे निघून आम्ही महामार्ग ४०० ने बॅरीपर्यंत आणि तिथून महामार्ग ११ ने उत्तरेला लागलो. नॉर्थ बे मागे पडल्यावर वस्ती संपते आणि खडक, पाणी व पाइनचे अरण्य एवढेच उरते. टेमागामीच्या आसपास तर दोन्ही बाजूंना इतके दाट जंगल होते की, अण्णांनी दोनदा विचारले, इथे शहर करण्याइतकी माणसे आली कुठून आणि कशासाठी. पुढचे चार दिवस आम्ही याच प्रश्नाचे उत्तर शोधत फिरलो, असे आता वाटते.

उत्तराचा पहिला भाग त्याच संध्याकाळी डोळ्यांसमोर आला. तासन्‌तास खडकातून आल्यावर रस्ता एकाएकी उतरू लागतो, झाडे मागे हटतात आणि समोर सपाट, चौकोनी, नांगरलेली शेते पसरतात. धान्याचे उंच कोठार दिसते, गोठे दिसतात, काळ्या-पांढऱ्या गाई दिसतात. महामार्गाच्या कडेला डायमंडमध्ये एका प्रचंड गाईचा पुतळा आहे, तिला 'मिस क्लेबेल्ट' म्हणतात. क्लेबेल्ट म्हणजे चिकणमातीचा पट्टा. रस्त्यालगतच्या मोटेलमध्ये सामान टाकले आणि गरम सूप पिताना मी अण्णांना आकडे वाचून दाखवले. २०२१ च्या जनगणनेत या संपूर्ण शहराची लोकसंख्या ९,६३४ होती.

"आमच्या एका प्रभागात याहून जास्त माणसं राहतात," अण्णा म्हणाले. मग थोडा वेळ गप्प राहून त्यांनी विचारले, "मग एकत्र का केलं?"

ऑन्टारियो प्रांताच्या सरकारने १९९० च्या दशकात स्थानिक स्वराज्य संस्थांची संख्या कमी करण्याचा धडाका लावला होता. १९९६ मध्ये प्रांतात ८१५ नगरपालिका होत्या. २००१ पर्यंत त्या ४५० च्याही खाली आल्या. खर्च वाचावा, रस्ते, पाणी आणि अग्निशमन यांची व्यवस्था एका हाताखाली यावी, असा त्यामागचा हेतू सांगितला जाई. टेमिस्कॅमिंग शोर्सचे विलीनीकरण त्याच लाटेच्या शेवटी झाले. अण्णांनी हे सगळे शांतपणे ऐकून घेतले, कारण हेच शब्द त्यांनी मराठीत फार पूर्वी ऐकलेले होते.

दुसरा दिवस, ३ ऑक्टोबर

सकाळी न्यू लिस्कर्डच्या मुख्य रस्त्याने चालत निघालो. हे नाव इंग्लंडमधल्या कॉर्नवॉल परगण्यातल्या लिस्कर्ड गावावरून घेतलेले आहे. गाव वाबी नदीच्या मुखाशी, टेमिस्कॅमिंग सरोवराच्या वायव्य टोकाला वसले आहे. विटांच्या दुमजली इमारती, एक बेकरी, एक लोखंडी सामानाचे दुकान, इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांतल्या पाट्या. सरोवराचा पलीकडचा काठ क्वेबेक प्रांतात आहे आणि इकडच्याही बऱ्याच कुटुंबांची मातृभाषा फ्रेंच आहे. बेकरीत पाव देणारी बाई एका गिऱ्हाइकाशी फ्रेंचमध्ये बोलत होती. आमच्याकडे वळताच तिने त्याच श्वासात इंग्रजी सुरू केले. मिरजेच्या बाजारात मराठी आणि कानडी अशाच एकमेकींच्या अंगाखांद्यावरून जातात, हे अण्णांच्या लगेच लक्षात आले.

नावाच्या वर्तनीचाही एक गुंता इथे आहे. शहराचे नाव एका वर्तनीने लिहितात, सरोवर, जिल्हा आणि सरोवराच्या उत्तर टोकाजवळची मूलनिवासी वस्ती यांची नावे एका अक्षराच्या फरकाने लिहितात, आणि क्वेबेकमधले लोक तिसऱ्याच, फ्रेंच पद्धतीने लिहितात. मूळ शब्द अल्गॉन्क्विन लोकांचा आहे आणि त्याचा अर्थ खोल पाण्याची जागा असा आहे. हे नाव किती नेमके आहे ते पाहा : सरोवराची लांबी सुमारे ११० किलोमीटर आहे आणि सर्वांत खोल ठिकाणी ते २०० मीटरहून खोल आहे. खाली वाहत जाणारी ओटावा नदी या सरोवरातूनच पुढे जाते. तीन वर्तन्या नंतर आलेल्या लोकांच्या आहेत, अर्थ मात्र आधीपासून इथे असलेल्यांचा आहे.

दुपार आम्ही मातीत घालवली, आणि मला वाटते, या शहराला समजून घ्यायचे असेल तर तेच आधी करावे. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाची चादर उत्तरेकडे मागे सरकत असताना तिच्या वितळलेल्या पाण्याचे एक विशाल सरोवर इथे साठले होते. भूशास्त्रज्ञ त्याला बार्लो सरोवर म्हणतात. त्याच्या तळाशी जो बारीक गाळ बसत गेला तीच ही शेतजमीन. नदीच्या काठाने चालताना एका ठिकाणी दरड सुटलेली होती आणि मातीचा उभा छेद उघडा पडला होता. अण्णा गुडघ्यावर हात टेकून खाली वाकले. मातीत पानांच्या चळतीसारखे थर होते : एक फिकट राखाडी, त्यावर एक गडद, पुन्हा फिकट, पुन्हा गडद. उन्हाळ्यात पाणी वाहते असताना जाडसर, फिकट गाळ बसे आणि हिवाळ्यात सरोवर गोठले की बर्फाखालच्या निवांत पाण्यातून सर्वांत बारीक, गडद कण खाली उतरत. थरांची एक जोडी म्हणजे एक वर्ष. अण्णांनी अंगठ्याच्या नखाने एक जोडी मोजली, मग तिच्या खालची, मग तिच्याही खालची. तेवीसपर्यंत मोजून ते थांबले आणि बोटावरची माती चिमटीत चोळून पाहिली. "काळी नाही, पण आपल्या रानासारखीच चिकट आहे," ते म्हणाले. "हिच्यात पाणी अडकत असणार."

त्यांचा अंदाज अचूक होता. थोड्या वेळाने डायमंडमधल्या एका शेताच्या बांधावर छिद्रे असलेल्या काळ्या, वळीदार प्लॅस्टिक नळांची मोठमोठी वेटोळी रचलेली दिसली. शेताचा मालक ट्रॅक्टर थांबवून आमच्याशी बोलायला आला. हे नळ जमिनीखाली ठरावीक अंतराने आणि हलका उतार देऊन गाडतात. वसंतात बर्फ वितळले की चिकणमातीत मुरलेले पाणी त्या छिद्रांतून नळात येते आणि चराकडे निघून जाते. इथला पेरणीचा हंगाम आखूड आहे. जमीन लवकर वाफशावर आली नाही तर पीक पक्व होण्याआधीच पुन्हा दहिवर पडू लागते. म्हणून निचरा झालेल्या एकराची आणि न झालेल्या एकराची किंमत वेगळी. ओट, कॅनोला, सोयाबीन आणि दुभत्या गाईंसाठी चारा हे इथले मुख्य उत्पन्न आहे.

कृष्णाकाठची क्षारपड झालेली राने आणि तिथे राबवलेल्या भूमिगत निचऱ्याच्या योजना अण्णांना चांगल्या माहीत आहेत. आमच्याकडे अतिरिक्त पाण्याने जमीन मिठाळते, तर इथे थंडीने ती गारठून बसते. उपाय मात्र दोन्हीकडे जमिनीखालचा छिद्रांचा नळच. अण्णांनी उताराचे प्रमाण विचारले, शेतकऱ्याने सांगितले, आणि मग दोघेही बराच वेळ त्या एका विषयावर बोलत राहिले. मी मधे दुभाषी होते, पण काही वेळाने माझी गरज राहिली नाही. हाताने उतार दाखवता येतो.

निरोप घेताना अण्णांनी विचारायला सांगितले की, तुमचे गाव कोणते. शेतकरी म्हणाला, "डायमंड." टेमिस्कॅमिंग शोर्स म्हणाला नाही. अण्णांनी माझ्याकडे पाहिले.

तिसरा दिवस, ४ ऑक्टोबर

ही तारीख मी मुद्दाम निवडली होती. आजच्याच दिवशी, १९२२ साली, हेलीबरी जळाले.

न्यू लिस्कर्डहून दक्षिणेला आठ-नऊ किलोमीटरवर, सरोवराकडे उतरत गेलेल्या चढावर हेलीबरी आहे. रस्ते पाण्याच्या दिशेने घसरत जातात आणि जवळजवळ प्रत्येक कोपऱ्यावरून सरोवर दिसते. नव्या शहराचे महापालिका कार्यालय इथे, पाण्याच्या काठाला फार ड्राइव्ह या रस्त्यावर आहे. जिल्ह्याचे न्यायालयही हेलीबरीतच. इस्पितळ न्यू लिस्कर्डमध्ये आणि महामार्गालगतची मोठी दुकाने डायमंडमध्ये. बर्फावरच्या हॉकीची मैदाने मात्र दोन्ही गावांनी आपापली ठेवली आहेत, आणि तसेच व्हायला हवे होते, असे मला मनापासून वाटते. कार्यालये एकत्र करता येतात, पण मुलांना खेळायला आपल्या घराजवळच जायचे असते.

ज्याचे नाव त्या रस्त्याला आहे तो चार्ल्स कॉबोल्ड फार हा हडसन बे कंपनीचा नोकर. सरोवराच्या पूर्व काठावर, जिथे पाणी अरुंद होते, तिथे त्या कंपनीचे लोकरकातड्यांच्या व्यापाराचे ठाणे होते. फार तिथे कामाला होता. १८८० च्या दशकाच्या अखेरीस त्याने पश्चिम काठावर जमीन घेऊन वस्ती उभारली, वसाहतकऱ्यांना बोलावण्यासाठी पुस्तिका लिहिली, आणि गावाला इंग्लंडमधल्या आपल्या शाळेचे नाव दिले : हेलीबरी.

इथे मला अण्णांना एक गोष्ट सांगायची होती, ती मी सरोवराकाठच्या बाकावर बसून सांगितली. ज्या वास्तूत फार शिकला ती मुळात शाळा नव्हतीच. ते ईस्ट इंडिया कंपनीचे महाविद्यालय होते. कंपनीच्या राज्यात मुलकी अधिकारी म्हणून हिंदुस्थानात पाठवायच्या तरुणांना १८०६ पासून १८५८ पर्यंत त्या महाविद्यालयात तयार केले जाई. कायदा, अर्थशास्त्र आणि आपल्याकडच्या भाषा त्यांना शिकवल्या जात. पुढे मुंबईचा गव्हर्नर झालेला आणि मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडायला लावणारा सर बार्टल फ्रियर तिथलाच विद्यार्थी. १८५७ च्या उठावानंतर कंपनीचे राज्य गेले, महाविद्यालय बंद पडले आणि त्याच इमारतीत १८६२ साली शाळा सुरू झाली. आपल्या मुलुखावर राज्य करायला शिकवणाऱ्या जागेचे नाव अटलांटिक ओलांडून या थंड सरोवराच्या काठाला चिकटले आहे, आणि इथल्या हजारो लोकांसाठी ते केवळ घराचे नाव आहे. अण्णा बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले. "नावाला आपण कुठून आलो ते माहीत नसतं," ते म्हणाले.

मग आम्ही हेलीबरीच्या वारसा संग्रहालयात गेलो. १९२२ चा उन्हाळा आणि शरद कोरडे गेले होते. शेतकरी साफ केलेल्या जमिनीवरची झुडपे आणि ओंडके जाळत, आणि जंगलावर लक्ष ठेवणारे पहारेकरी मोसम संपला म्हणून घरी गेले होते. ४ ऑक्टोबरला, बुधवारी, वादळी वारा सुटला आणि ठिकठिकाणच्या लहान आगी एकमेकींना मिळाल्या. सुमारे १,६८० चौरस किलोमीटर मुलूख, अठरा टाउनशिपांचा प्रदेश, जळाला. ४३ माणसे मेली. हेलीबरीचा बहुतेक सगळा भाग त्या दुपारी आणि रात्री भस्म झाला. लोक सरोवराकडे धावले आणि ओल्या घोंगड्या पांघरून पाण्यात उभे राहिले. दुसऱ्या दिवशी पाऊस आणि हिमवर्षाव झाला, तेव्हा आग विझली. पण त्याच बर्फात आता हजारो बेघर माणसे उघड्यावर होती. न्यू लिस्कर्ड बऱ्याच अंशी वाचले होते.

हिवाळा तोंडावर होता आणि घरे बांधायला वेळ नव्हता. तेव्हा टोरंटोच्या वाहतूक मंडळाने आपल्या जुन्या, सेवेतून काढलेल्या ट्रामचे ऐंशीहून अधिक डबे रेल्वेने इथे पाठवून दिले. माणसांनी त्यांत शेगड्या बसवल्या आणि तो हिवाळा काढला. त्यांतला एक डबा या संग्रहालयात जपून ठेवलेला आहे. आत शिरताना वाकावे लागत नाही, पण हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील असे वाटते. दोन्ही बाजूंना खिडक्यांची रांग, डोक्यावर पिंपासारखे वाकलेले लाकडी छत. मी एका खिडकीच्या चौकटीवरून बोट फिरवले. ती काच एकेरी आहे. उणे तीस अंशांच्या रात्री या एकेरी काचेच्या आत एक कुटुंब झोपत होते, चूल पेटती ठेवायला कुणीतरी जागे राहत होते, आणि शहरातल्या प्रवाशांसाठी बनवलेल्या या डब्याच्या खिडकीतून त्यांना बाहेर फक्त जळके बुंधे दिसत होते. मी रोज टोरंटोत ट्रामने कामावर जाते. या डब्यात उभी असताना मला ते एकदाही विसरता आले नाही.

संग्रहालयातल्या वयस्कर स्वयंसेविकेने आम्हाला सांगितले की, तिच्या आजीने ती आग पाहिली होती आणि म्हातारपणीही जोराचा वारा सुटला की ती खिडकीशी जाऊन उभी राहत असे. अण्णांनी तिला नमस्कार केला. तिने विचारले, कशासाठी आलात. मी म्हटले, वडिलांना हे एकत्र केलेले शहर पाहायचे होते. ती म्हणाली, "एकत्र तर आम्ही त्या रात्रीच झालो होतो, शेजाऱ्यांनी दारे उघडली तेव्हा. कागद नंतर झाला."

संध्याकाळी आम्ही पुन्हा काठावर गेलो. वारा अजिबात नव्हता. ज्या पाण्यात लोक उभे राहिले असतील त्यात अण्णांनी बूट काढून पाऊल बुडवले आणि लगेच मागे घेतले, इतके ते थंड होते.

चौथा दिवस, ५ ऑक्टोबर

आज जे गाव या शहरात नाही ते पाहायला गेलो. हेलीबरीच्या पलीकडे काही किलोमीटरवर कोबाल्ट आहे. जवळ असूनही, आणि इतिहास पूर्णपणे गुंतलेला असूनही, ते २००४ च्या विलीनीकरणात नव्हते. हजारभर वस्तीचे ते गाव आजही आपला कारभार स्वतः पाहते.

चिकणमातीच्या पट्ट्यात शेतकरी वसवायचे म्हणून ऑन्टारियो सरकारने उत्तरेकडे रेल्वेमार्ग टाकायला घेतला होता. १९०३ साली, रूळ या भागातून जात असताना, स्लीपरांसाठी लाकूड शोधणाऱ्या मॅकिन्ली आणि डॅराघ या दोघांना खडकात चांदी सापडली. फ्रेड लारोज नावाच्या लोहाराने कोल्ह्याला हातोडा फेकून मारला आणि तो चांदीच्या शिरेवर आदळला, अशीही दंतकथा इथे सांगतात. ती खरी नसावी, पण गावाला ती प्रिय आहे. प्रांताचा भूशास्त्रज्ञ विलेट मिलर याने जागेला कोबाल्ट हे नाव दिले, कारण चांदीच्या सोबतीने तो धातूही खडकात होता. १९११ मध्ये, उत्पादनाच्या शिखरावर, या खाणींतून एका वर्षात ३ कोटी औंसांहून अधिक चांदी निघाली. म्हणजे सरकार माणसे आणू पाहत होते मातीसाठी आणि ती आली चांदीसाठी. अण्णांच्या पहिल्या दिवसाच्या प्रश्नाचा दुसरा भाग इथे सुटला.

कोबाल्टचे रस्ते सरळ नाहीत. घाईने, खाणींच्या मधून, जशी जागा मिळेल तशी घरे बांधली गेली. एका जुन्या किराणा दुकानाच्या छतातून खाणीचा लाकडी मनोरा वर आलेला आहे. खाण बंद झाल्यावर दुकानदार विवराच्या गारव्यात माल ठेवत असे. गावाभोवतालच्या पायवाटेवर खडकात कोरलेल्या अरुंद, खोल भेगा कुंपण घालून ठेवल्या आहेत, कारण चांदीची शीर जशी उभी गेली तशी ती वरपासून पोखरून काढली गेली. त्या धातूसोबत आर्सेनिकही निघत असे आणि खाणींचा गाळ तळ्यांत टाकला जाई. त्याचे परिणाम या भूमीवर अजून आहेत. संपत्ती कुठे गेली, हे विचारायचे असेल तर परत हेलीबरीला जावे लागते. खाणमालक कोबाल्टच्या चिखलात राहिले नाहीत, त्यांनी हेलीबरीच्या सरोवरकाठी बंगले बांधले; त्या रस्त्याला लक्षाधीशांची रांग म्हणत. १९१२ साली खाणकाम शिकवणारी शाळाही हेलीबरीतच सुरू झाली आणि तिची परंपरा तिथल्या महाविद्यालयात आजही चालू आहे.

हॉकीचाही या चांदीशी संबंध आहे. १९१० च्या मोसमात नव्याने स्थापन झालेल्या व्यावसायिक हॉकी संघटनेत कोबाल्ट आणि हेलीबरी या दोन्ही गावांचे संघ होते. मॉन्ट्रियलच्या प्रख्यात कनेडियन्स संघाने ५ जानेवारी १९१० रोजी आपला पहिलावहिला सामना खेळला तो कोबाल्टविरुद्ध, आणि ७ विरुद्ध ६ असा जेमतेम जिंकला.

मला मात्र सर्वांत अधिक भावली ती आता नसलेली एक गोष्ट. १९१० साली कोबाल्ट ते हेलीबरी विजेची ट्राम सुरू झाली आणि १९१२ मध्ये ती न्यू लिस्कर्डपर्यंत वाढवली गेली. खाणींच्या आसपास मद्यविक्रीला बंदी असल्याने खाणकामगार हेलीबरीला जात, गृहिणी बाजाराला जात, विद्यार्थी शाळेला जात. १९३५ पर्यंत ती चालली. जी गावे कागदावर एक व्हायला अजून जवळजवळ शंभर वर्षे होती, ती एका तिकिटावर रोज जोडली जात होती.

आज त्या दोन गावांना सरोवराकाठची पायी आणि सायकलने जाण्याची वाट जोडते. दुपारी आम्ही तिच्यावरून हेलीबरीहून न्यू लिस्कर्डच्या दिशेने चाललो. डाव्या हाताला रस्ता, उजव्या हाताला पाणी, मधे भूर्जवृक्षांची पिवळी झालेली पाने. अण्णा म्हणाले, त्यांच्या लहानपणी मिरजेहून सांगलीला सायकलने जाताना मधे अशीच मोकळी राने होती, आणि वानलेसवाडीचे क्षयरोग्यांचे आरोग्यधाम हीच काय ती मोठी खूण. ती वाडी ज्यांच्या नावाची, ते मिरजेच्या मिशन हॉस्पिटलचे संस्थापक डॉ. विल्यम वानलेस याच ऑन्टारियो प्रांतात जन्मले होते. हे अण्णांना ठाऊक नव्हते. मी सांगितले तेव्हा ते चालायचे थांबले. त्या इस्पितळात अण्णांचा जन्म झाला होता.

आता सांगली आणि मिरजेच्या मधे मोकळे काही उरलेले नाही, घराला घर लागले आहे. इथे मधली जागा अजून तशीच आहे. कागद एक झाला तरी दोन गावांमधले अंतर चालायलाच लागते, आणि ते चालताना प्रत्येक गाव आपापल्या ठिकाणी स्पष्ट दिसत राहते.

परतताना हेलीबरीच्या दक्षिणेला सैतानाचा खडक म्हणतात त्या कड्यावर गेलो. जंगलातून वीस-पंचवीस मिनिटांची चढण आणि मग एकदम पायाखालून जमीन संपते. सरोवर थेट खाली, कित्येक मजले खोल. भूकवचाचा एक पट्टा दोन भेगांमध्ये खचून ही दरी झाली आणि सरोवर तिच्यात साठले आहे. ती भेग अजून पुरती शांत झालेली नाही : १ नोव्हेंबर १९३५ रोजी सरोवराच्या दक्षिण टोकाजवळ सहाहून अधिक तीव्रतेचा भूकंप झाला होता. अण्णा कडेपासून चार पावले मागेच बसले. समोरचा काठ क्वेबेक, उत्तरेला धुरकट दिसणारे न्यू लिस्कर्ड, अलीकडे हेलीबरीची छपरे. डायमंडची शेते इथून दिसत नाहीत.

पाचवा दिवस, ६ ऑक्टोबर

सकाळी महामार्ग ६५ ने सीमा ओलांडून क्वेबेकमधल्या नोत्र-दाम-द्यू-नोरपर्यंत जाऊन आलो. सरोवराचे उत्तर टोक तिथे आहे आणि शेजारीच टिमिस्कॅमिंग या मूलनिवासी लोकांची वस्ती. प्रांत बदलला, पाट्या केवळ फ्रेंच झाल्या, पण माती तीच, गाई त्याच. येताना चीजचे ताजे खडे घेतले. दाताखाली ते रबरासारखे कुरकुरतात आणि ते ताजे असल्याची हीच खूण आहे.

टोरंटोला निघण्याआधी अण्णांना त्यांच्या खात्यातल्या जुन्या सहकाऱ्याला पत्र टाकायचे होते. न्यू लिस्कर्डच्या टपाल कार्यालयात त्यांनी सरोवराचे चित्र असलेले कार्ड विकत घेतले आणि उभ्या उभ्याच मजकूर लिहिला : मातीचे थर, जमिनीखालचे नळ, ट्रामचा डबा, आणि शेवटी वानलेस साहेबांची हकिकत. मग पाठवणाऱ्याचा पत्ता काय लिहू, असे मला विचारले. मी काउंटरवर चौकशी केली. कर्मचाऱ्याने सांगितले की, महापालिका जरी टेमिस्कॅमिंग शोर्स असली तरी टपालाचा पत्ता अजून न्यू लिस्कर्ड असाच लिहितात, आणि हेलीबरीचा हेलीबरी. दोघांचे टपाल संकेतांकही वेगवेगळे आहेत.

अण्णांनी चष्मा सारखा केला आणि ठळक देवनागरीत लिहिले, "मु. पो. न्यू लिस्कर्ड." मग कार्डाच्या उजव्या बाजूला, महानगरपालिकेचे नाव कुठेही न घालता, इंग्रजीत मिरज लिहिले, त्याच्या पुढे ४१६४१० हे आकडे, आणि ते कार्ड तिकीट लावण्यासाठी खिडकीतून पुढे सरकवले.